दूरचा गुरु आणि हातचा पडताळा

पुणें जिल्ह्याच्या पूर्वभागांत भीमा नदीच्या उत्तरेस शिरूर तालुका आणि दक्षिणेस दौंड तालुका पसरलेला आहे. उत्तरेकडे कोरडीं माळरानें, घोड नदीच्या कांठचे उसाचे पट्टे आणि रांजणगांवची कारखान्यांची वसाहत. दक्षिणेकडे रेल्वेचें जुनें जंक्शन, कालव्याखालचें बागाईत आणि कुरकुंभचे रासायनिक कारखाने. पुणें शहराचें सांडपाणी पोटांत घेऊन आलेली मुळामुठा या दोन तालुक्यांच्या सीमेवर, रांजणगांव सांडसजवळ, भीमेला मिळते. शास्त्र शिकविणाऱ्यास यापेक्षां मोठी प्रयोगशाळा कोणी बांधून देऊं म्हटलें तरी देतां येणार नाहीं.

या भागांतील शाळांत आतां शास्त्राचा कांहीं भाग पडद्यावरून शिकविला जातो. पाठ्यपुस्तकाच्या पानावर छापलेली ठिपक्यांची चौकोनी खूण फोनला दाखविली कीं धड्याचें चलच्चित्र सुरू होतें. जलप्रदूषणाचा धडा असेल तर फोनमध्यें कोठल्या तरी परक्या नदीचें पाणी वाहतांना दिसतें, आणि शाळेच्या मागें मुळामुठेचें पाणी वाहत असतें. हीं दोन पाणीं मुलाच्या मनांत एकत्र येतात कीं नाहीं, एवढाच या लेखाचा विषय आहे.

पडद्यावरचें शिक्षण आणि वर्गांतील शिक्षण यांच्या या जोडीस हल्लीं मिश्र शिक्षण असें म्हणतात. तिचे पुरस्कर्ते सांगतात कीं तिच्यायोगें मुलांची चिकित्सक बुद्धि जागी होईल. तिचे विरोधक सांगतात कीं मुलें पडद्याचीं दास होतील. दोन्ही पक्ष ही वस्तु काल जन्मास आली असें समजून बोलतात. वस्तुतः गेल्या दोनशें वर्षांत दूरचा गुरु आमच्या खेड्यांच्या दारीं चार वेळां आला आहे: प्रथम छापील पुस्तकाच्या रूपानें, मग रेडिओच्या, मग टेलिव्हिजनच्या, आणि आतां फोनच्या. प्रत्येक वेळीं आशा तीच होती आणि प्रत्येक वेळीं भीतिहि तीच होती. त्या चार भेटींचा इतिहास जवळून पाहिला तर एक गोष्ट ठळकपणें दिसते. दूरच्या गुरूनें माहिती पुष्कळ दिली; चिकित्सा मात्र तेथेंच उपजली, जेथें ऐकलेल्या गोष्टीचा पडताळा घेण्यास शिष्याच्या हातांशीं कांहीं होतें आणि तिच्यावर वाद घालण्यास शेजारीं कोणी होतें.

पहिली भेट छापील पुस्तकाची. 1822 मध्यें मुंबईस बॉम्बे नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटी स्थापन झाली आणि मराठी शाळांसाठीं पुस्तकें तयार होऊं लागलीं. 1830 नंतरच्या दशकांत हरि केशवजी यांनीं पदार्थविज्ञान व रसायन या विषयांवरील संवादरूप पुस्तकें मराठींत आणलीं. बाळशास्त्री जांभेकरांनीं 1832 मध्यें 'दर्पण' काढलें, आणि 1840 मध्यें 'दिग्दर्शन' हें मासिक सुरू करून त्यांतून भूगोल, पदार्थविज्ञान, सृष्टीचे चमत्कार यांविषयीं लिहिलें. ज्या विद्यार्थ्यानें मुंबई पाहिली नव्हती त्याच्यापर्यंत न्यूटन आणि लाव्हाझिए यांचे विचार मराठींत पोंचावे, ही कल्पनाच त्या काळीं केवढी धाडसाची होती हें आज आपणांस उमगणें कठीण आहे.

या पुस्तकांपैकीं संवादरूप पुस्तकांकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. त्यांत गुरु बोलतो, शिष्य शंका काढतो, गुरु शंकेचें निरसन करतो. पद्धति उत्तम, सॉक्रेटिसापासून चालत आलेली. सॉक्रेटिसाचें चरित्रहि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं 1852 मध्यें मराठींत आणून ठेविलें होतें, म्हणजे प्रश्न विचारणें ही एक विद्या आहे हें आमच्या शिक्षितांस तेव्हांपासून ठाऊक होतें. परंतु छापील संवादांत एक मोठी अडचण असते. त्यांतील शंका शिष्याच्या नसतात. त्याहि ग्रंथकारानेंच लिहिलेल्या असतात. खरा विद्यार्थी ज्या बांकावर बसला आहे तेथें त्याला उत्तराबरोबर प्रश्नहि आयता मिळतो, आणि परीक्षेच्या भयानें तो दोन्ही पाठ करतो. आजच्या चलच्चित्रांतहि एक कार्टूनमधली मुलगी मान वांकडी करून "असें कां बरें होतें?" म्हणून विचारते. तिनें विचारलें म्हणजे पाहणाऱ्यानें विचारलें असें होत नाहीं. दोनशें वर्षांपूर्वींची अडचण जशीच्या तशी कायम आहे.

याच जातीच्या एका इंग्रजी पुस्तकाची कथा प्रसिद्ध आहे. जेन मार्सेट नांवाच्या विदुषीनें 1806 च्या सुमारास रसायनशास्त्रावर संवादरूप पुस्तक लिहिलें. लंडनमध्यें पुस्तकबांधणीच्या दुकानांत उमेदवारी करणाऱ्या एका गरीब मुलाच्या हातीं तें बांधणीसाठीं आलें. त्यानें तें वाचलें. पण नुसतें वाचून तो थांबला नाहीं. पदरीं असलेल्या थोड्या पैशांत जीं साधनें मिळालीं त्यांवर त्यानें पुस्तकांतील गोष्टी स्वतः करून पाहिल्या आणि त्या खऱ्या ठरल्या तेव्हां पुस्तकावर विश्वास ठेविला. तो मुलगा पुढें मायकेल फॅरडे या नांवानें जगास माहीत झाला. पुस्तक दूरचें होतें. पडताळा हातचा होता. त्या दोहोंची गांठ पडली म्हणून फॅरडे घडला. एकट्या पुस्तकानें तो घडला नसता, हें जितकें खरें तितकेंच पुस्तकावांचूनहि तो घडला नसता हेंहि खरें. दूरच्या गुरूची सरसकट निंदा करणारांनीं या दुसऱ्या अर्ध्याकडे डोळेझाक करूं नये.

आमच्याकडे या दुसऱ्या अर्ध्याची म्हणजे पुस्तकाची सोय हळूहळू झाली. पहिल्या अर्ध्याची उपेक्षा झाली. तिच्याविरुद्ध पहिला स्पष्ट आवाज जोतीराव फुले यांनीं उठविला. 1882 मध्यें हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत त्यांनीं प्राथमिक शाळांच्या शिक्षणक्रमांत शेतकीचें मूलज्ञान व आरोग्याचे धडे असावे असें सांगितलें, आणि शेतकीचें शिक्षण प्रत्यक्ष देतां यावें म्हणून शाळेस जोडून एक लहानसें नमुन्याचें शेत असावें असें सुचविलें. या सूचनेचा अर्थ पुष्कळांनीं शेतकऱ्यांच्या मुलांनीं शेतकरीच राहावें असा केला. तो त्या मनुष्याच्या सर्व आयुष्याशीं विसंगत आहे. कुणब्याच्या मुलाला जें ठाऊक आहे तेथून शास्त्राचा आरंभ व्हावा, म्हणजे शास्त्र त्याला परकें वाटणार नाहीं आणि तें त्याच्यापुढें खोटें बोलूं शकणार नाहीं, असा त्या शेताचा अर्थ आम्हांस दिसतो.

जोतीरावांच्या निवेदनास वीस वर्षें होण्यापूर्वींच दौंड तालुक्यांत एक स्त्री तसलेंच कांहीं प्रत्यक्ष करून दाखवीत होती. पंडिता रमाबाई 1886 मध्यें अमेरिकेस गेल्या. तेथें फिलाडेल्फियांत त्यांनीं फ्रबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. लहान मूल वस्तूशीं खेळत, ती जोडीत आणि मोडीत शिकतें, हें त्या पद्धतीचें सार. 1889 मध्यें त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें, पुढच्या वर्षीं तें पुण्यास आणलें. आणि त्या दशकाच्या अखेरीस दौंड तालुक्यांतील केडगांव येथें मुक्तिसदन उभें राहिलें. दुष्काळानें देशोधडीस लागलेल्या शेंकडों मुली व विधवा तेथें आल्या. रमाबाईंच्या धर्मांतरावरून जो वाद झाला त्याच्याशीं येथें आपणांस कर्तव्य नाहीं. शिक्षणाच्या इतिहासांत त्यांचा शिक्षणक्रम स्वतंत्रपणें पाहण्याजोगा आहे. त्यांत स्वतःच्या देहाची ओळख व्हावी म्हणून शारीरशास्त्र होतें आणि भोंवतालच्या सृष्टीची ओळख व्हावी म्हणून वनस्पतिशास्त्र होतें. आणि त्यांच्या जोडीस शेत, बाग, विणकाम, शिवणकाम आणि छापखाना होता. तो छापखाना बायका चालवीत. खिळे जुळविण्यापासून छापण्यापर्यंत सर्व काम त्यांच्या हातचें असे.

ज्या स्त्रीला लहानपणापासून तिच्या शरीराविषयीं लाज आणि भय यांखेरीज कोणीं कांहीं शिकविलें नव्हतें, तिच्या हातीं शारीरशास्त्राचें पुस्तक देणें म्हणजे काय, याचा विचार करावा. दूरच्या विद्येचा पडताळा तिला स्वतःच्या नाडींत, श्वासांत आणि हाडांत घेतां येत होता. आजकाल चिकित्सक विचाराच्या ज्या व्याख्या दिल्या जातात त्या सर्वांहून ही घटना अधिक बोलकी आहे. आपल्याविषयीं जें सांगण्यांत आलें तें खरें कशावरून, असें विचारण्याचा अधिकार त्या मुलींना तेथें प्रथम मिळाला.

हातानें शिकण्याचा विचार पुढें 1937 मध्यें वर्ध्याच्या शिक्षणपरिषदेंत महात्मा गांधींनीं राष्ट्रापुढें ठेविला आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें त्याची योजना आखली. ती योजना देशभर रुजली नाहीं. याचें एक कारण येथें नमूद करणें अवश्य आहे, कारण तें पुढेंहि आडवें येणार आहे. टकळी हातांत आली. पण टकळीवरून गणित, पदार्थविज्ञान आणि अर्थशास्त्र यांपर्यंत पोंचण्यास जो व्यासंगी शिक्षक लागतो तो पुष्कळ ठिकाणीं नव्हता. हातास काम मिळालें आणि बुद्धि उपाशी राहिली. शिवाय आईबापांस असें वाटलें कीं हें गरिबांच्या मुलांना मजूर ठेवण्याचें शिक्षण आहे; साहेबांचीं मुलें तर पुस्तकेंच वाचतात. म्हणजे दूरचा गुरु एकटा अपुरा, तसा हातचा उद्योगहि एकटा अपुराच. ज्यास आम्ही पडताळा म्हणतों तो या दोहोंच्या सांध्यावर असतो.

दूरच्या गुरूची दुसरी भेट रेडिओची. पुणें आकाशवाणीचें केंद्र 1953 मध्यें सुरू झालें. 1956 च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत, युनेस्कोच्या साहाय्यानें, या केंद्रानें एक प्रयोग केला. तो शाळेंतील मुलांसाठीं नसून शेतकऱ्यांसाठीं होता; तरी आमच्या प्रश्नाचें याहून स्वच्छ उत्तर महाराष्ट्रांत दुसरीकडे मिळणें कठीण. तेव्हांच्या मुंबई राज्यांतील पांच मराठी जिल्ह्यांतून सुमारें 150 गांवें निवडलीं. प्रत्येक गांवीं पंधरावीस माणसांचें एक श्रोतृमंडळ स्थापन केलें. आठवड्यांतून दोनदां अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे 20 कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला कीं रेडिओ बंद करावयाचा आणि मंडळानें त्यावर चर्चा करावयाची. जे प्रश्न उरतील ते पुणें केंद्राकडे लिहून पाठवावयाचे आणि केंद्रानें पुढील कार्यक्रमांत त्यांचीं उत्तरें द्यावयाचीं. ऐका, बोला, करा, असें त्या प्रयोगाचें सूत्र होतें.

टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीनें पॉल न्यूरथ यांनीं त्याचें परीक्षण केलें. त्यांनीं मंडळांच्या गांवांबरोबर, रेडिओ आहे पण मंडळ नाहीं अशीं गांवें, आणि रेडिओच नाहीं अशीं गांवेंहि तुलनेसाठीं घेतलीं. निष्कर्ष असा निघाला कीं ज्या गांवांत ऐकून चर्चा झाली तेथें लोकांचें ज्ञान लक्षणीय वाढलें. ज्या गांवांत नुसता रेडिओ होता तेथें ती वाढ फारच थोडी होती. यंत्र तेंच, आवाज तोच, कार्यक्रम तोच. फरक पडला तो रेडिओ बंद झाल्यानंतरच्या अर्ध्या तासानें. मिश्र शिक्षणाचे जे पुरस्कर्ते आज यंत्रांची संख्या मोजतात त्यांनीं यंत्र बंद केल्यावर काय होतें तें मोजावें, असा या सत्तर वर्षांपूर्वींच्या प्रयोगाचा उपदेश आहे.

तिसरी भेट टेलिव्हिजनची. 1 ऑगस्ट 1975 पासून एक वर्षपर्यंत अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या साहाय्यानें भारतांतील सहा राज्यांच्या 2400 खेड्यांत टेलिव्हिजनचे कार्यक्रम दाखविण्यांत आले. महाराष्ट्राचा त्यांत समावेश नव्हता. परंतु या प्रयोगानें शिक्षणाचें चित्र खेड्यापर्यंत नेतां येतें ही खात्री देशास पटली. 1984 मध्यें पुण्यास बालचित्रवाणी स्थापन झाली आणि दूरदर्शनवरून मराठी मुलांसाठीं शैक्षणिक कार्यक्रम होऊं लागले. त्या कार्यक्रमांवर एक पिढी वाढली आणि त्यांचीं गाणीं आज चाळिशी गांठलेल्यांच्या तोंडीं आहेत. ती संस्था 2017 मध्यें बंद झाली. तिनें मुलांस रमविलें आणि पुष्कळ शिकविलेंहि. परंतु रेडिओच्या श्रोतृमंडळांसारखी प्रश्न परत पाठविण्याची वाट तिच्यापाशीं पुरेशी नव्हती. चित्र एकाच दिशेनें वाहत होतें.

याच सुमारास शास्त्रशिक्षणाच्या दुसऱ्या एका अडचणीवर महाराष्ट्रांत काम झालें, त्याचा उल्लेख येथेंच केला पाहिजे. 1974 मध्यें मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आश्रयाखालीं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालें. वि. गो. कुळकर्णी आणि त्यांचे सहकारी जळगांव जिल्ह्यांतील खिरोदा परिसराच्या शाळांत गेले. तेथें त्यांच्या असें ध्यानांत आलें कीं मुलांस शास्त्र अवघड वाटतें त्याचें मोठें कारण शास्त्र नसून पाठ्यपुस्तकाची भाषा आहे. भाषा सोपी करतांच आकलन वाढलें. जें वाक्य मुलाला समजलेंच नाहीं त्याविषयीं तें शंका कशी काढणार? चिकित्सेची पहिली पायरी समजणें ही आहे. फोनमधील चलच्चित्रांची भाषा ज्यांना लिहावयाची आहे त्यांनीं खिरोद्याचा हा धडा गिरवावा.

आतां पुनः भीमेच्या उत्तरतीरीं येऊं. शिरूर तालुक्यांत पाबळ नांवाचें गांव आहे. 1983 मध्यें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं तेथें विज्ञान आश्रमाची स्थापना केली. कलबाग हे अन्नतंत्रज्ञानाचे शास्त्रज्ञ. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविलेले आणि मुंबईस हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधनशाळेंत मोठ्या पदावर काम केलेले. तें सर्व सोडून ते आणि त्यांच्या पत्नी मीराबाई पाबळच्या माळावर येऊन राहिले. पाबळ त्यांनीं जाणून घेतलें: पाऊस कमी, जमीन हलकी, साधनें थोडीं. येथें जें साधेल तें देशांतील बहुतेक खेड्यांत साधेल, असा त्यांचा हिशेब होता.

आश्रमांत येणारीं मुलें बहुतेक शाळेंत नापास झालेलीं किंवा शाळा सोडलेलीं. त्यांना एका वर्षांत चार प्रकारचीं कामें शिकविलीं जात: बांधकाम आणि लोहारकाम यांसारखी यंत्रविद्या, वीज व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि घर व आरोग्य. पुढें या शिक्षणक्रमास राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता मिळाली. मुलें वेल्डिंग करीत, त्रिकोण जोडून घुमटाकार घरें उभारीत, माती तपासीत, आणि जमिनींत विजेचा प्रवाह सोडून तिचा रोध किती येतो हें मोजून विहिरीस पाणी कोठें लागेल याचा अंदाज करीत. या शेवटच्या कामाकडे पाहावें. पाणी दाखविणारा पाणाड्या आमच्या प्रत्येक गांवीं असतो. तो हातांत नारळ किंवा काडी घेऊन जागा सांगतो. त्याला हंसणें सोपें आहे. पण नापास ठरलेला मुलगा यंत्र घेऊन रानांत जातो, आंकडे लिहितो, त्यांवरून भाकित करतो, आणि मग विहीर खणल्यावर तें भाकित खरें ठरतें कीं खोटें हें सर्व गांवासमक्ष पाहतो, तेव्हां श्रद्धा आणि पडताळा यांतील भेद त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज उरत नाहीं. त्याचें भाकित चुकलें तर तें कां चुकलें याचा विचारहि त्यालाच करावा लागतो. पाणाड्याला तो करावा लागत नाहीं.

आश्रमाचें काम शाळा सोडलेल्यांपुरतें राहिलें नाहीं. माध्यमिक शाळेच्या आठवी ते दहावीच्या वर्गांत आठवड्यांतील एक दिवस अशा कामास द्यावा, तें काम शिकविण्यास गांवांतील कुशल कारागीर घ्यावे, आणि मुलांनीं केलेली वस्तु गांवाच्या उपयोगी पडावी, अशी योजना पाबळच्या शाळेंत प्रथम झाली आणि तेथून इतरत्र पसरली. वर्ध्याच्या योजनेंत जो सांधा निखळला होता तो येथें जोडण्याचा प्रयत्न दिसतो: कामामागें शास्त्र उभें होतें, आणि शास्त्रामागें शास्त्रज्ञ स्वतः उभा होता.

आणखी एक गोष्ट. या आश्रमानें दूरच्या गुरूकडे पाठ फिरविली नाहीं. 2002 मध्यें अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या विद्यापीठाच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्यानें पाबळला फॅब लॅब उभी राहिली. संगणकावर आंखलेली वस्तु यंत्राकडून कापून वा घडवून घेणारी ही कार्यशाळा अमेरिकेबाहेरील अगदीं पहिल्यांपैकीं होती. पाबळच्या मुलाला जगाच्या दुसऱ्या टोंकाचें रेखाचित्र इंटरनेटवरून मिळावें आणि तें बरोबर आहे कीं नाहीं हें त्यानें पत्रा कापून पाहावें, याहून चांगलें मिश्र शिक्षण कोणतें? कलबाग 2003 मध्यें वारले. आश्रमाचें काम त्यांच्या पश्चात चालू राहिलें. ज्या वर्षीं ते गेले त्याच सुमारास पुण्यास आयुका संस्थेच्या बालविज्ञानकेंद्रांत अरविंद गुप्ता हे टाकाऊ वस्तूंपासून शास्त्रीय खेळणीं करूं लागले आणि तीं कशीं करावीं याचीं चलच्चित्रें मराठींसह अनेक भाषांत इंटरनेटवर मुक्तहस्तें ठेवूं लागले. तीं चित्रें पाहून मुलास उठून कात्री शोधावीशी वाटते. पडद्यावरील धड्याची याहून चांगली कसोटी आम्हांस सुचत नाहीं.

चौथ्या भेटीची खरी परीक्षा 2020 मध्यें झाली. मार्चमध्यें साथीमुळें शाळा बंद झाल्या आणि शाळा बंद पण शिक्षण सुरू, ही राज्याची घोषणा झाली. 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीच्या त्या वर्षाच्या अहवालाप्रमाणें ग्रामीण भारतांतील शाळेंत जाणाऱ्या मुलांपैकीं ज्यांच्या घरीं स्मार्टफोन होता त्यांचें प्रमाण 2018 मधील 36.5 टक्क्यांवरून 61.8 टक्क्यांवर गेलें होतें. परंतु पाहणीच्या आठवड्यांत शाळेकडून कांहीं अभ्याससाहित्य मिळालें अशीं मुलें साधारण एकतृतीयांशच होतीं. यंत्र घरांत आलें, पण त्यांतून गुरु आला नाहीं, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षीं जुलैंत सह्याद्रि वाहिनीवर एम्. के. सी. एल्. नॉलेज फाउंडेशनची 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. तिनें फळ्यावरचें व्याख्यान दाखविण्याऐवजीं घरांतील आणि अंगणांतील वस्तूंशीं मुलांनीं आईबापांसह काय करून पाहावें तें दाखविलें. पडद्यानें आपली मर्यादा ओळखून मुलाला घरांतल्या वस्तूंकडे परत पाठविलें, हें तिचें वैशिष्ट्य.

शिरूर तालुक्यांतच वाबळेवाडीची जिल्हा परिषदेची शाळा साथीपूर्वींच्या वर्षांत गाजली. गांवकऱ्यांच्या सहभागानें ती वाढली, मुलांच्या हातीं टॅबलेट आले. पण पाहुण्यांनीं टॅबलेटांचे फोटो काढले तरी त्या शाळेंतील खरी विचारणीय गोष्ट म्हणजे विषयमित्राची रीत. ज्या मुलाला एक विषय कळला त्यानें तो सोबत्यांस शिकवावयाचा. शिकविणाऱ्यास सोबत्याचा "कां?" ऐकावाच लागतो. 1956 च्या श्रोतृमंडळांचेंच हें बालरूप आहे.

या इतिहासावरून शिक्षकांस कांहीं व्यवहार्य बोध घेतां येईल काय? एक उदाहरण देतों. 1865 मध्यें आंजेलो सेक्की नांवाच्या इटालियन ज्योतिषी पाद्र्यानें समुद्राच्या पाण्याची निर्मळता मोजण्यास एक सोपी युक्ति काढली. पांढरी थाळी दोरीस बांधून पाण्यांत सोडावी आणि ती ज्या खोलीवर दिसेनाशी होईल ती खोली मोजावी. आजहि जगभर सरोवरांचे अभ्यासक ही युक्ति वापरतात. भीमाकांठच्या शाळेंतील मुलांनीं शिक्षकांसह पुलावर जाऊन संगमाच्या वरच्या बाजूस भीमेंत आणि त्याच दिवशीं मुळामुठेंत थाळी सोडावी. दर महिन्यास हें करून वहींत लिहावें. मग फोन हातांत घ्यावा: प्रदूषण नियंत्रण मंडळ या नद्यांच्या पाण्याचे जे आंकडे प्रसिद्ध करतें ते काढावे, आणि दोहोंची तुलना करावी. लगेच वाद सुरू होईल. पावसाळ्यांत थाळी लवकर दिसेनाशी झाली ती घाणीमुळें कीं मातीमुळें? स्वच्छ दिसणारें पाणी स्वच्छ असतेंच काय? कारखान्याचें विष पाण्याचा रंग न बदलतांहि असूं शकेल काय? थाळी जें सांगूं शकत नाहीं तें मंडळाचे आंकडे सांगतील, आणि आंकड्यांची तारीख व जागा मुलें तपासतील. येथें दूरचें व हातचें एकमेकांस प्रश्न विचारतात. यासाठीं लागणारा खर्च एका थाळीचा आणि दोरीचा आहे.

यावर आक्षेप असा येईल कीं इतका वेळ कोठून आणावा. अभ्यासक्रम मोठा, परीक्षा डोक्यावर, आणि शिक्षकांच्या मागें हजार कामें. आक्षेप खरा आहे. पण पडद्याची उपयुक्तता नेमकी येथेंच आहे. जी माहिती शिक्षक वर्षानुवर्षें तोंडानें सांगत आला ती पडद्यानें सांगावी आणि शिक्षकाचा तो वेळ नदीकांठीं, शेतांत, कार्यशाळेंत व वादांत खर्च व्हावा. यंत्राला शिक्षकाच्या जागीं बसवून शिक्षकास कारकून केलें तर दोन्हीकडून तोटा. आणि प्रयोगशाळेची खोली बंद करून तिचा पैसा पडद्यावर खर्च केला, तर फॅरडेच्या हातीं पुस्तक देऊन त्याचीं कांचेचीं भांडीं काढून घेतल्यासारखें होईल.

शेवटीं एक गोष्ट आपल्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांना उद्देशून लिहिणें प्राप्त आहे. वर्ध्याची योजना रुजली नाहीं तेव्हां हाताचें शिक्षण गरिबांसाठीं, असा जो समज होता तो अजून गेलेला नाहीं. पाबळचें नांव आपण आदरानें घेतों आणि आपल्या मुलास शिकवणीवर्गाकडे पाठवितों, जेथें पडदाहि आहे आणि छापील उत्तरेंहि आहेत, पण थाळी आणि दोरी नाहीं. नापासांच्या शाळेंत पडताळा आणि हुषारांच्या शाळेंत पाठांतर, अशी वांटणी जर आपण चालूं दिली, तर उद्यां फोनवर येणारी प्रत्येक बातमी, प्रत्येक औषध आणि प्रत्येक भाकित निमूटपणें मानणारे पहिले लोक हुषारांतूनच निघतील. तेव्हां पाबळ पाहावयास मुलांस घेऊन जावें, हें ठीकच, त्याहून अगोदर घरीं, मुलानें फोनवर पाहिलेली शास्त्राची एखादी गोष्ट मोठ्या उत्साहानें सांगितली, तर शाबासकी देऊन त्याला विचारावें, "हें खरें आहे कीं नाहीं तें आपल्याला घरांत कसें पाहतां येईल?" आणि त्यानें स्वयंपाकघरांतील एखादें भांडें मागितलें तर तें द्यावें.